अण्णा, तुम्हाला नीट दिसत होतं

प्रिय अण्णा,

जय भीम.

सकाळपासून चार ओळी लिहायला बसलेय आणि त्या काही केल्या जमत नाहीयेत. चारच हव्यात हो! ऑफिसात मी चाळीस पानांचे रिपोर्ट लिहिते, आणि इथे चार ओळींपुढे हात टेकले. शेवटी लॅपटॉप मिटला, लेकीच्या, आपल्या मित्राच्या, वहीतले कागद फाडले आणि म्हटलं, आधी अण्णांशी बोलून घेऊ. मग काय सुचेल ते सुचेल.

झालंय असं की, अंकल लिम, म्हणजे कम्युनिटी क्लबातले तुमचे चित्रकलेचे मास्तर, येत्या शनिवारी वर्गाचं प्रदर्शन भरवतायत. त्यात तुमची तीन चित्रं लावणार आहेत. प्रत्येकाच्या चित्रांखाली एक छोटं कार्ड असतं, हा माणूस कोण, कुठला, असं. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, त्यामुळे तुमचं कार्ड क्लबातल्या एका मुलीने लिहिलं आणि शुक्रवारी मला बघायला पाठवलं. आहे इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असं आहे: 'भारतातून आलेल्या या आजोबांची दृष्टी हळूहळू जात होती. जग धूसर होत गेलं, तरी त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.'

तुमचा जावई मिलिंद वाचून म्हणाला, "काय सुंदर लिहिलंय गं! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

येईल ना. माझ्याही आलं. पण ते खोटं आहे अण्णा. आणि त्या मुलीला कशाला दोष देऊ? ते खोटं माझं आहे. क्लबात पुढच्या सत्राची तुमची फी भरायला आले होते तेव्हा मीच अंकल लिमना सांगितलं होतं, "त्यांना नीट दिसत नाही, जरा पुढे बसवा." तुम्ही शेजारीच उभे होतात. गुरुवारी कार्डं छापायला जाणार. तोवर मी काही बोलले नाही, तर त्या चित्रांखाली तुम्ही कायमचे डोळे गेलेले आजोबा होऊन बसाल.

आता मला सांगा, बार्शीत हे कुणी ऐकलं असतं तर काय म्हणालं असतं? पेंटरला दिसत नाही! तिथे तुम्हाला नावाने कोण ओळखत होतं? पेंटरच म्हणायचे सगळे. पिठाची गिरणी, किराणा दुकान, मंगल कार्यालय, ट्रकचं मागचं फळकूट, सगळीकडे तुमची अक्षरं. पिवळ्यावर लाल, वर काळी सावली. खडू लावलेलं सूत भिंतीवर ताणून तुम्ही झटकायचात आणि टप्प दिशी सरळ रेघ उमटायची, ते बघायला मी शाळेतून येताना मुद्दाम त्या रस्त्याने यायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या कमानी रंगवायला घेतल्यात की महिनाभर तुमची नखं निळी असायची. आई म्हणायची, भाकरीसुद्धा निळी दिसायला लागलीय मला.

बोर्ड रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे, हा तुमचा पहिला कायदा. दुसरा, कड हलली की पेंटर हलला. आणि तिसरा तुम्ही हसत सांगायचात: गिऱ्हाईक म्हणेल तो रंग, आपली आवड घरी ठेवायची. सिंगापूरला आल्यावरसुद्धा तुमची ती सवय गेली नव्हती. हॉकर सेंटरमध्ये आम्ही काय खायचं ते ठरवत असू आणि तुम्ही दुकानांच्या पाट्या तपासत असायचात. "ह्या चिनी माणसाचा हात बघ, सुजा. स्टिकर नाही हां हा, ब्रशनं काढलंय." मी म्हणायची, अण्णा, नूडल्स गार होतायत.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे चोआ चू कांगला राहायला आलात. दहावा मजला, समोर लांब कॉरिडॉर, खाली कालवा आणि पलीकडे एमआरटीचं स्टेशन. पहिले तीन महिने तुम्ही नुसतेच कठड्याला टेकून उभे असायचात. मला धास्ती वाटायची, यांना करमत नाहीये. म्हणून तर क्लबाचा फॉर्म आणला मी. आणि महिन्याभराने तुम्ही पहिलं चित्र घरी घेऊन आलात.

काय होतं त्यात! करडं आकाश, करडं पाणी, मध्ये तपकिरी झाडीचा पट्टा, आणि सगळं एकमेकांत मिसळलेलं. झाडाला पान नाही, इमारतीला खिडकी नाही, रस्त्यावर माणूस नाही. मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि विचारलं, "पूर्ण व्हायचंय ना हे?"

"झालंय," तुम्ही म्हणालात.

माझं काम तुम्हाला एकदा समजावून सांगितलं होतं, आठवतंय? वन-नॉर्थच्या ऑफिसात मी फोनचे कॅमेरे तपासते. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक तक्ता असतो, त्याचा फोटो काढायचा आणि काळं संपून पांढरं कुठे सुरू होतं ते मोजायचं. जितकं ठळक, तितका कॅमेरा चांगला. जिथे ते विरघळलं तिथे मी लाल खूण करते. तुम्ही ऐकून खूश झाला होतात. म्हणालात, म्हणजे तूपण कडाच बघतेस की! बापाचा धंदा चालवलास पोरी. तर अशी मी, दिवसभर धूसरपणाला दोष म्हणून खूण करणारी. घरी येऊन तुमच्या चित्रात दुसरं काय बघणार होते?

मी यादी करायला लागले अण्णा. फोनमध्ये. खरंच. चित्र काढताना तुम्ही डोळे बारीक करायचात, अगदी सुईत दोरा ओवताना करतात तसे. ते लिहिलं. ब्रश टोकाशी धरून हात लांब करून रंग लावायचात, म्हणजे जवळचं दिसत नाही. तेही लिहिलं. दर दोन मिनिटांनी उठून भिंतीपर्यंत मागे जायचात, तेपण. कालव्याकाठी अर्धा अर्धा तास नुसते बसायचात, कागद-पेन्सिलही न घेता, आणि दोन दिवसांनी घरी बसून ते काढायचात. मी लिहिलं, 'सामान न्यायला विसरतात?' पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं, एवढीच काय ती लाज.

आणि ते धुरकं आलं ते वर्ष! पलीकडच्या बेटांवर जंगलं जळत होती आणि सगळा धूर इथे. मिलिंदने खिडक्या बंद केल्या, हवेचं यंत्र लावलं, मित्राची शाळेची सहल रद्द झाली. आणि तुम्ही तोंडाला मास्क लावून कॉरिडॉरमध्ये! "अगं, काय शेड पडलीय बघ! समोरच्या बिल्डिंगा गेल्या सगळ्या, नुसता अंदाज राहिलाय." जगाला खोकला झालेला आणि तुमची दिवाळी चाललेली. मी तुम्हाला दंडाला धरून आत आणलं, आणि आत आल्यावर यादीत अजून एक ओळ लिहिली.

आता ती वेसाकची सुट्टी. बुद्धपौर्णिमा. सेरंगूनला माझ्या मैत्रिणीकडे, स्मिताकडे वंदना होती, मग सगळ्यांचं जेवण, खीर. आपल्या पाच-सहा घरांची माणसं. तुम्ही स्मितासाठी एक लहान चित्र नेलं होतंत, ब्राऊन पेपरात गुंडाळून, वर सुतळी बांधून. तिने सगळ्यांसमोर उघडलं. सगळे माना पुढे करून बघायला लागले. मग ती म्हणाली, "छान आहे काका. जरा अंधार आहे, नाही?"

मला अवघडल्यासारखं झालं आणि मी पटकन बोलून गेले, "अगं, मोतीबिंदू असणार त्यांना. मी दाखवणारच आहे डॉक्टरला. त्यांना सगळं असंच दिसतं."

बघा, अजून डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं आणि मी निदान करून मोकळी! पण खोलीतले सगळे एकदम सुटल्यासारखे झाले. "अरे रे, मग या वयात एवढं करतात म्हणजे कौतुकच!" कुणी तुम्हाला खुर्ची दिली, कुणी खिरीची वाटी हातात आणून ठेवली. तुम्ही ती हळूहळू संपवलीत. परतताना गाडीत आपण शेजारी बसलो होतो, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "घे मग डॉक्टरची वेळ."

ते वाक्य आज मला टोचतंय. त्या वेळी मात्र मला हायसं वाटलं होतं.

डॉक्टर बाई समजूतदार होत्या. मी यादी वाचून दाखवली. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, पण अगदी सुरुवातीचा, घाई नाही, वर्षभर थांबलात तरी चालेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी डॉक्टरांना म्हणाले, "नाही, ऑपरेशन करूनच टाकू. ते चित्रं काढतात."

पट्टी काढली त्या दिवशीचं तुमचं तोंड मला स्पष्ट आठवतं. नर्सच्या खोलीत भिंतीवर एक साधं प्लास्टिकचं निळं घड्याळ होतं. तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "निळा! सुजा, हा आपला कमानीचा निळा!" आणि लहान मुलासारखे हसलात. मला वाटलं, जिंकले मी. बाहेर येऊन मिलिंदला फोनवर सांगितलं, आता बघ अण्णांची चित्रं कशी स्वच्छ निघतात.

तुम्हालाही तेच म्हणाले होते ना मी? "आता काढा छान, स्वच्छ." आणि तीन आठवड्यांत तुम्ही काढलंत. आपली बिल्डिंग, समोरून. आकाश निळंशार, कडा सुतात धरलेल्या, प्रत्येक खिडकी जागच्या जागी, वाळत घातलेल्या कपड्यांचे बांबूसुद्धा मोजून घ्यावेत असे. खाली ब्लॉक नंबर, सुरेख सावली देऊन. मी वेडी झाले आनंदाने! फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. येईल त्याला दाखवलं, हे ऑपरेशनच्या आधीचं, हे नंतरचं. लोक म्हणायचे, वा, केवढा फरक! तुम्ही सोफ्यावर बसून मान हलवायचात.

तुम्ही मला बोर्ड रंगवून दिला होतात अण्णा. गिऱ्हाईक म्हणेल तो रंग. आणि मी तुमची मुलगी असून मला ते ओळखता आलं नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

त्यानंतर घरात चित्र दिसलं नाही. टर्पेंटाइनचा वास गेला, पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून वाळत ठेवलेले कॅनव्हास गेले. क्लबात मात्र तुम्ही मंगळवार-शुक्रवार न चुकता जायचात. मी विचारलं तर म्हणालात, "गप्पा मारायला. लिमला करमत नाही." मला ते पटलं! तुमचं इंग्रजी तसलं, त्यांचं तसलं, दोघांचं कसं जमायचं देव जाणे, पण जमायचं खरं. मी मनाशी म्हटलं, हौस फिटली असेल. आणि फेब्रुवारीत एका दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. तुमची खोली आवरताना एकही ब्रश सापडला नाही, तेव्हा मात्र मी सगळी कपाटं पुन्हा उपसली. हौस फिटलेला माणूस ब्रश टाकून कसा देईल? तुम्ही तर बार्शीहून येताना केस गळालेले ब्रशसुद्धा आणले होतेत. तेव्हापासून आठ महिने मी हेच घेऊन बसलेय की अण्णांची चित्रं मी थांबवली. मिलिंदलाही बोलले नाही.

काल शनिवारी मी क्लबात गेले. अंकल लिमनी बोलावलं होतं, तीन चित्रं निवडायला. त्यांनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत ओळीने उभे कॅनव्हास. बावीस. खालच्या खणात तुमचे ब्रश, धुऊन, कापडात गुंडाळून.

"ऑल युअर फादर," ते आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "आफ्टर ऑपरेशन वन. बिफोर वन ऑल इन युअर हाऊस, वॉट."

मी म्हटलं, "ऑपरेशननंतरची? नक्की?"

त्यांनी एक कॅनव्हास उलटा करून दाखवला. मागे तुमच्या पाटीच्या अक्षरांत तारीख आणि जागा. अण्णा, मी सगळे बावीस उलटे केले. सगळे ऑपरेशननंतरचे. निळा लख्ख दिसत असताना, बांबू मोजता येत असताना, तुम्ही मंगळवार-शुक्रवार तेच करडं आकाश काढत होतात. उलट आधीच्यांपेक्षा जास्तच मिसळलेलं!

मी तिथे खाली फरशीवर बसले आणि रडले. दुःखाने नाही, काय सांगू तुम्हाला, सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही थांबला नव्हतात! अंकल लिमनी कॉफी आणून दिली. मग स्टूल ओढून बसले आणि मला शिकवायला लागले, तुम्हाला शिकवलं असेल तसं.

या प्रकाराला नाव आहे म्हणे. टोनलिझम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत काही चित्रकार असंच काढायचे. तेव्हा मला आठवलं, तुम्ही एकदा घरी येऊन मोठ्यांदा हसत सांगितलं होतंत, "सुजा, अमेरिकेत आपली भावकी निघाली! लिमनं पुस्तकात दाखवली." आणि मी 'हो का' म्हणून परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं होतं. विचारायचं होतं ना मी, कसली भावकी? तुम्हीही दुसऱ्यांदा सांगितलं नाहीत.

काल सगळं विचारलं. सगळीकडे एकच रंग का? तर तो एक नाहीच म्हणे. तुम्ही सुरुवातीलाच बर्न्ट अंबर हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून एक करडा बनवायचात आणि मग प्रत्येक रंगात तो थोडा थोडा घालायचात, हिरव्यातही, पिवळ्यातही. म्हणजे विरजणच की! एका विरजणाने सगळं चित्र लागायचं, म्हणून झाड, पाणी, आकाश एकाच हवेतले वाटतात. आणि बार्शीचा तुमचा निळा त्या करड्यातच आहे, तो प्रत्येक चित्रात आहे. मी काय शोधत होते मग?

झाडांना पानं का नाहीत? कारण तिन्हीसांजेला पानं दिसत नाहीत, झाड दिसतं. इथली तिन्हीसांज वीस मिनिटांत उरकते, ती समोर बसून काढणार कशी? म्हणून तुम्ही नुसतं बघून घ्यायचात आणि दोन दिवस जाऊ द्यायचात. जे विसरायचं ते विसरून जाईल, उरेल तेवढंच काढायचं. (आणि मी लिहिलं होतं, सामान विसरतात!) आकाश मोठं आणि जमीन खाली का? रंग इतके पातळ का? तर तेलाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा, तिसरा, म्हणजे उजेड आतून आल्यासारखा वाटतो. इथल्या दमट हवेत एकेक थर वाळायला आठवडा लागायचा आणि तुम्ही पंख्याला शिव्या घालायचात, मराठीत. अंकल लिमना त्यातली एक पाठ आहे. त्यांनी म्हणून दाखवली आणि मला रडता रडता हसू फुटलं.

मग त्यांनी एक चित्र खिडकीपाशी ठेवलं, मला भिंतीपर्यंत मागे नेलं आणि म्हणाले, डोळे बारीक कर.

केले. आणि अण्णा, चित्र उघडलं! बारीकसारीक सगळं गेलं, उजेडाचे आणि काळोखाचे चार मोठे तुकडे राहिले, आणि मला तो कालवा दिसला, पाऊस पडून गेल्यावरचा, वास येईल इतका खरा. वर्गातले सगळे असंच बघतात म्हणे, कुठलाही चित्रकार असंच बघतो. माझ्या यादीतली पहिली ओळ तीच होती.

तीन चित्रं निवडायची होती. दोन लगेच ठरली. तिसरं मला त्यातल्या एका उजेडामुळे आवडलं. एमआरटीकडून कालव्याकाठाने येणारी वाट आहे. डावीकडे रेन ट्रीचा काळोख, वर फिकट आकाश, आणि वाटेवर मध्येच एक उभा गडद आकार, खांब किंवा रोपटं असावं असा. त्याच्या वरच्या बाजूला नारिंगी रंगाचा एक टिपका, तांदळाएवढा. सगळ्या करड्या चित्रात तेवढाच. मी म्हटलं, "हा दिवा किती छान काढलाय."

अंकल लिमनी त्या टिपक्यापाशी बोट नेलं. "वॉट लॅम्प? धिस वन यू, लाह. यू, वॉकिंग होम. दॅट वन युअर हँडफोन."

मी परत बघितलं. खाली घातलेली मान. खांद्याला पर्स. फोनचा उजेड हनुवटीवर पडलेला.

ते म्हणाले, तुम्ही रोज साडेसातला कॉरिडॉरमध्ये उभे राहायचात. ती गर्दी दहा मजले खाली, अंधार पडत आलेला, आणि त्यात तुम्ही मला चालीवरून ओळखायचात. मी कालव्याच्या पुलावर आले की आत जाऊन चहा टाकायचात. मी दार उघडायची तेव्हा कप टेबलावर असायचा आणि मला वाटायचं, अण्णांचा अंदाज काय अचूक आहे! अंदाज! "एव्हरी डे ही लुक," अंकल लिम म्हणाले. "माय डॉटर नेव्हर लुक अप, ही से. नॉट अँग्री वन. जस्ट से."

मी विचारलं, मग मला एवढं पुसट का काढलं? मुलगी होते ना मी? त्यांनीही तेच सुचवलं होतं तुम्हाला, जरा कड दे, ओळखू येऊ दे. तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, कड दिली की ती पाटीवरच्या अक्षरासारखी बाहेर येईल. राहू दे तिला त्या तिन्हीसांजेतच.

अण्णा, का नाही हो एकदा तरी खडसावलंत मला? सेरंगूनला सगळ्यांसमोर म्हणायचं होतंत, गप बस, मला सगळं दिसतंय! बार्शीत बोर्डात चूक काढणाऱ्या माणसाला तुम्ही शिडीवरून ऐकवायचात, मग माझ्यापुढेच एवढे मवाळ कशाला झालात? मी खर्च केला, रजा काढली, धावपळ केली, म्हणून? की माझ्या दारात राहताय म्हणून? हे दुसरं असेल तर मला फार वाईट वाटेल. तसं नसेल अशी मी समजूत घालून घेतेय, पण विचारायला तुम्ही नाही आहात. दोन वर्षं चोरून चित्रं काढलीत, आणि मी घरात त्या बोर्डाचं कौतुक करत होते! थोडा राग आहे माझा तुमच्यावर. राहू दे तो.

आज सकाळी मित्राने विचारलं, काय लिहितेस एवढं? तुमची नात आता तेरा वर्षांची आहे, माझ्याएवढी उंच झालीय. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, जस्ट से आजोबा लाइक्ड इट लाइक दॅट, लाह. व्हाय मस्ट हॅव रीझन?" पोरीला कळलं ते मला कळायला बावीस चित्रं उलटी करावी लागली.

हे लिहिता लिहिता कार्डाचंही जमलं बघा. असं देणार आहे: 'हे बार्शीचे पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील असे बोर्ड रंगवले. ही चित्रं त्यांनी सिंगापूरला आल्यावर, स्वतःच्या आवडीने काढली. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. ती गेली असा घरच्यांचा गैरसमज झाला होता.' लिहून झाल्यावर 'घरच्यांचा' खोडलं आणि 'मुलीचा' केलं. स्मितालाही बोलावणार आहे शनिवारी, आणि वेसाकला तिथे असलेल्या सगळ्यांना. त्यांनी ते वाचावं, मी तिथे उभी असेन. हॉलमधला बोर्ड मात्र काढणार नाही हां. तोही तुमच्याच हातचा आहे, आणि कडा काय बसल्यात!

बाकी सगळे ठीक. एक शब्द देते तुम्हाला, आणि मग थांबते. उद्या सोमवार आहे. साडेसातला स्टेशनातून बाहेर पडले की फोन पर्समध्ये टाकेन. पुलावर आले की मान वर करून दहाव्या मजल्याच्या कॉरिडॉरकडे बघेन. तिथे कुणी नसेल, हे मला माहीत आहे. तरी बघेन, अण्णा. रोज बघेन.

तुमची,
सुजा